परसदारातून दिसणारा सोमेश्वर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण चारचौघांत लिहिते आहे. फोनवर आभार मानायला गेले असते तर "कितें गो तें" म्हणून तुम्ही विषय जेवणावर नेला असता. नातीकडून वाचून घ्या.

तुमच्याकडे येण्याआधी मी गोव्यातल्या आपल्या कुर्डी गावाची ७ चित्रं केली होती. सगळी निळी. पाण्याखालचं देऊळ, पाण्याखालचे माड, पाण्याखालचं घर. साळावली धरणासाठी १९८० नंतरच्या वर्षांत गाव उठला, त्यानंतरचा माझा जन्म. मला कुर्डी ठाऊक होती ती धरणाच्या बाजूनेच. मोबाईलवर ती चित्रं पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, "इतलें उदक कित्याक? आमच्या गांवांत घरांनी उदक नाशिल्लें." एवढं पाणी कशाला, आमच्या गावात घरांत पाणी नव्हतं.

खरं सांगते, दोन दिवस राग होता.

मग मे महिन्यात पाणी उतरलं आणि सोमेश्वराच्या उत्सवाला तुम्ही मला बरोबर नेलंत. मला दिसत होती भेगाळलेली माती, झाडांचे बुंधे आणि चिऱ्यांचे चौथरे. तुम्ही मात्र गल्लीतून चालावं तसे चालत होता. मोकळ्या रानात मध्येच वळायचात, कारण तिथे गडगा होता. एका ठिकाणी पाय उचलून टाकलात; उंबरा नव्हताच. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ साली या गावातला, त्यांच्या घराच्या अवशेषांपाशी लोक फोटो काढत होते. मीही थांबले. तुम्ही म्हणालात, बाई मोठ्याच, पण आमची विहीर पुढे आहे!

आमच्या चौथऱ्यावर मी दाराची जागा शोधत होते. बाबा नेहमी सांगायचे, दारातून सोमेश्वर दिसायचा. माझ्या ७ पैकी ४ चित्रांत तसं दार आहे, कमानीचं, ऐसपैस. तुम्ही हात धरून मला मागच्या अंगाला नेलंत. पुढचं दार उगवतीला, तिथून कसला दिसतो सोमेश्वर! दिसायचा तो परसदारातून. तिथे आजी भांडी घासत बसायची आणि बाबा तिच्या पाठीला टेकून. तो दार म्हणतो ते हे, म्हणालात.

मी त्या जागी बसले तेव्हा तुम्ही काहीतरी निमित्त काढून विहिरीकडे गेलात. त्याबद्दल वेगळे आभार.

गावातलं महादेवाचं कदंबकालीन देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. बरंच झालं, लोक बघायला येतात. परसदार कोण कशाला हलवील?

उत्सवाचं सामान आणलेली पिशवी रिकामी करून तुम्ही तिच्यात पडक्या चिऱ्याचा चुरा भरून दिलात. तो मी कुटून, धुऊन, वस्त्रगाळ केला. आता निळा रंग बाजूला ठेवलाय, कावी करते आहे. आपल्या देवळांच्या भिंतींवर असते तीच. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर खरवडून खालची पांढरी रेघ मोकळी करायची. ब्रशने घालायचं काही नसतं, काढतच जायचं. चुकलं तर पुसता येत नाही. पहिल्या दोन फळ्या तडकल्या, चुना घाईने वाळला. तिसरी धरली आहे.

तिच्यावर एक अरुंद दार आहे, लांब बोटाएवढा सोमेश्वर आणि बाईची पाठ. पोरगा दिसत नाही, पाठ जरा वाकलेली दिसते, तेवढंच. ओळखलंत तर ठीक.

चवथीआधी घेऊन येते. आजीच्या हातात तेव्हा तांब्याचं भांडं असायचं की मातीचं, हे त्या दिवशी विचारायचं राहिलं. तेवढी जागा खरवडलेली नाही. गिलावा उद्या सकाळपर्यंत ओला राहील, तेव्हा रात्रीच फोन करा.

तुमची,
परसदारच्या पोराची लेक