अरबी समुद्रातले चक्रीवादळ आणि आपली इमारत : मृगाआधी करायच्या कामांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
आपली सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी आपण पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांना ताडपत्र्या बांधतो, जिन्याच्या जाळीला प्लॅस्टिक लावतो आणि पावसाळ्याची तयारी झाली म्हणतो. मोसमी पावसापुरते ते बरोबर आहे. पण एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अरबी समुद्रात उठणारी वादळे निराळ्या बाजूने मारा करतात, आणि ती बाजू आपण उघडी ठेवली आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा म्हणून हे पत्र.

वादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. केंद्र कारवारच्या खाली, म्हणजे आपल्या नैर्ऋत्येला असते तेव्हा बेळगावात वारा आग्नेयेकडून येतो. ते गोव्यासमोर आले की दक्षिणेकडून, आणि रत्नागिरीच्या पुढे सरकले की नैर्ऋत्येकडून. म्हणजे आपल्या ओळखीच्या पावसाळी बाजूने वारा यायला लागतो तोवर निम्मे वादळ होऊन गेलेले असते. मे २०२१ मधले तौक्ते असेच लक्षद्वीपजवळून निघून कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर गेले आणि १७ मे रोजी गुजरातेत धडकले. समुद्र आपल्यापासून हवाई अंतराने १०० किलोमीटरही नाही. मधला घाट वाऱ्याला थोडा आवर घालतो, पावसाला मात्र नाही.

आता आपल्या इमारतीचा आग्नेय कोपरा पाहा. वास्तुशास्त्राच्या आग्रहाने मीटरची खोली नेमकी तिथेच आहे, तिचा दरवाजा पूर्वेला उघडतो आणि त्यावर छज्जा नाही. पहिल्या झोतातला पाऊस थेट मीटरबोर्डावर जाणार. वास्तूशी आमचे भांडण नाही, पण त्या दरवाजावर दोन फुटी छज्जा, खाली चार इंचांचा उंबरा आणि केबल आत येते त्या भोकाला सील, एवढे आधी करावे. बाकी सगळे त्यानंतर.

गच्चीचा हिशेब असा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला चौरस मीटरवर साधारण ७.५ किलो, ८० ला ३० किलो. हवामान खाते ६२ किलोमीटरच्या पुढच्या सलग वाऱ्याला चक्रीवादळ म्हणते. घाटमाथ्यावर आपण ८० च्या झोताचा हिशेब धरावा असे आमचे मत आहे. गच्चीवरची १० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड त्या झोतात सव्वातीनशे किलोंपर्यंतच्या ताकदीने वर उचलली जाऊ शकते. पत्रा मधून फाटत नाही, कडेच्या आणि कोपऱ्याच्या बोल्टाशी सुटतो, मग पुढचा वारा आत शिरून बाकीचा सोलून काढतो. म्हणून कडेच्या ओळीत एकाआड एक उंचवट्यावर जे-बोल्ट (खालच्या पाइपाला अडकणारा आकड्यासारखा बोल्ट) हवा, कडक झालेले रबरी वॉशर बदलायला हवेत आणि शेडचे खांब स्लॅबच्या बोल्टला पक्के हवेत. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवायची आपल्याकडची पद्धत बंद करावी. पत्रा उडाला की तेच दगड खाली गाड्यांवर येतात.

काळ्या प्लॅस्टिकच्या १००० लिटरच्या टाक्या रिकाम्या असल्या तर प्रत्येकी २५-३० किलोच्या, म्हणजे उडणाऱ्याच. भरलेली टाकी टनाच्या वर जाते आणि जागची हलत नाही. म्हणून वारा यायच्या आदल्या दिवशी सहाही टाक्या काठोकाठ भरून झाकणे तारेने बांधावीत. पाणीही साठते, टाकीही बसून राहते. सोलर हीटरच्या टाक्यांचेही तेच. मात्र त्यांची पाइपलाइन कोरडी पडली तर उन्हात तापलेल्या काचेच्या नळ्यांत थंड पाणी सोडू नये, तडकतात. पाणी पुन्हा भरायचे ते पहाटे किंवा रात्री. कुंड्या, डिश अँटेना, वाळत घालायच्या काठ्या, फलक हे सगळे कठड्यावरून खाली.

गच्ची ५००० चौरस फूट, म्हणजे ४६५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाचे ४६५ लिटर पाणी होते, १०० मिलिमीटरचे साडेशेचाळीस हजार. मेमध्ये गुलमोहराची पाने आणि आंब्याचा वाळका मोहर यांनी पन्हळीची तोंडे बुजलेली असतात. पाणी दहा सेंटिमीटर तुंबले तर चौरस मीटरला १०० किलो भार आणि गच्चीच्या दारातून जिन्यात, तिथून लिफ्टच्या मशीनमध्ये. जाळ्या काढून प्रत्येक पाइपात वरून दोन बादल्या पाणी ओतून पाहावे, खालच्या तोंडाला लगेच सरळ धार आली तर पाइप मोकळा. जाळ्या पुन्हा बसवाव्यात, पण त्या सपाट नकोत, घुमटाकार हव्यात. सपाट जाळीवर एक पान पडले की पुरते.

विजेच्या बाबतीत नुकसान पाण्याने कमी आणि तारांनी जास्त होते. फांदी पडून एक फेज तुटला की तीन फेजची मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळते. आपल्या पंपाला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारे उपकरण, नाही, तो बसवावा. न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला तर त्याहून वाईट : काही घरांत दिवे एकदम लख्ख होतात आणि काही घरांत मंद, आणि २३० ऐवजी ३०० च्या वर दाब जाऊन फ्रिज-टीव्ही जळतात. दिवे असे वागताना दिसले की मेन एमसीबी (घराचा मुख्य खटका) पाडायची, हे प्रत्येक घरात लहान-थोर सगळ्यांना सांगून ठेवावे. लाइट आल्यावरही दहा मिनिटे थांबून, तिन्ही फेज बघून मगच मोटर चालू करावी.

जनरेटर २५ केव्हीएचा आहे, पाऊण भारावर तासाला ४ ते ५ लिटर डिझेल खातो. दिवसाला दोन तास मोटर आणि जिन्याचे दिवे चालवले तर १० लिटर पुरते, तीन दिवसांचे ३० लिटर. पण बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेलेली असली किंवा फिल्टरमध्ये पाणी असले तर ऐनवेळी तो चालू होणार नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे भारासकट चालवावा, नुसता रिकामा नव्हे. चेंजओव्हर स्विचशिवाय (जनरेटर जोडताना बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय) वायर जोडून चालवणे हा गुन्हाच समजावा. आपली वीज उलटी हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो. पार्किंगच्या बंद कोपऱ्यात जनरेटर चालवू नये, धूर वरच्या घरांत जातो.

पाण्याचे गणित सगळ्यांनी समजून घ्यावे. राकसकोपचे धरण असो की हिडकलचे, शहराला पाणी पंपानेच येते. तिकडची वीज गेली की नळ थांबणारच. बेटावर वादळ आले की दोन दिवस बाहेरून कोणी येत नाही, लक्षद्वीपच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्या ४८ तासांत आपली इमारतही एक बेटच आहे. २४ घरे, सरासरी ४ माणसे, माणशी ५० लिटर धरले तर दिवसाला ४८०० लिटर. वरच्या सहा टाक्या सव्वा दिवस पुरतात, बाकीचे खालच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत. पिण्याचे माणशी ३ लिटर रोजचे घराघरांत भरून ठेवावे. संपचे झाकण जमिनीच्या पातळीला आहे, बाजूची गटार भरली की मैलापाणी आत. कडा एक फूट उंच करून झाकणाला रबर लावावे. तरीही पाणी शिरलेच तर उपसून, धुऊन, नव्याने भरून १००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकावी आणि अर्धा तास थांबावे. एरवी २.५ ग्रॅम पुरते. पावडर मात्र ताजी हवी, वर्षभर उघड्या पिशवीत राहिलेल्या पावडरीत क्लोरिन उरत नाही.

खिडक्यांना चिकटपट्टीच्या फुल्या मारणे निरुपयोगी आहे. काच त्याने वाचत नाही, फुटली तर मोठे तुकडे उडतात, आणि पट्टी नंतर खरवडत बसावी लागते. त्यापेक्षा सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीतली बारीक भोके टाचणीने मोकळी करावीत, ती बुजली की पाणी बाहेर न जाता घरात ओतते. पूर्व-दक्षिणेच्या खिडक्या आधी पाहाव्यात. वादळात एखादी खिडकी मुद्दाम उघडी ठेवायची असे काहीजण सांगतात, ते चूक आहे. वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली की आतला दाब वाढून पत्रा किंवा दार उलट बाहेर ढकलले जाते.

कुंपणालगतचा गुलमोहर ठिसूळ आणि उथळ मुळांचा, तारांवर झुकलेला. फांदी छाटायला वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि तारांजवळ हेस्कॉमची माणसे, दोन्हींना वेळ लागतो. अर्ज आजच द्यावा.

इशारे कधी आणि कसे पाहायचे तेही ठरवून ठेवावे. हवामान खाते किनाऱ्यासाठी ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कता, २४ तास आधी इशारा आणि १२ तास आधी जमिनीवरच्या वाटचालीचा अंदाज देते. बेळगाव किनाऱ्यावर नाही, त्यामुळे आपल्या जिल्ह्याला वादळाच्या नावाचा इशारा बहुधा मिळणार नाही, पाऊस-वाऱ्याचा रंगीत इशारा मिळेल. म्हणून आपण कारवार-गोव्यासाठी ४८ तासांची सतर्कता निघाली की कामाला लागायचे. अंदाजाच्या नकाशावर काढलेला शंकू वादळाचे केंद्र कुठून जाऊ शकते ते दाखवतो, पाऊस कुठवर पडेल ते नाही. ऑक्टोबर २०१९ मधले क्यार ओमानच्या दिशेने गेले, पण त्याआधी कोकण-गोव्याला चिंब करून. बुलेटिनवर लिहिलेली वेळ निरीक्षणाची असते, हाती येईपर्यंत काही तास उलटलेले असतात, हेही ध्यानात घ्यावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या नकाशांवरची तारीख आधी पाहावी.

नोटीस मराठी आणि कन्नड दोन्हीत लावावी. आपल्या वॉचमनमामांना कन्नडच वाचता येते आणि रात्री मोटर बंद करायचे काम त्यांच्याकडेच आहे. तळमजल्यावर एक यादी : फ्रिजमधले इन्सुलिन कोणाकडे, ऑक्सिजन यंत्र कोणाकडे, एकटे आजी-आजोबा कोणत्या घरात. लिफ्ट वारा सुरू व्हायच्या आधी वरून दुसऱ्या मजल्यावर थांबवून मेन स्विच बंद. चारचाकी झाडाखालून काढाव्यात. चोर्ला किंवा आंबोलीमार्गे त्या दिवशी कोणी निघू नये, दरड आणि झाड दोन्ही तिथेच पडतात. तुटलेली तार दिसली की दहा मीटर लांब राहून १९१२ वर कळवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, बाकी सर्वांसाठी ११२.

येत्या बैठकीत मीटर खोलीचा छज्जा, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि संपची कडा या तीन कामांना मंजुरी आणि दोन माणसांकडे गच्चीची जबाबदारी, एवढे ठरावे ही विनंती. मंजुरी मिळाल्यास तिन्ही कामे पंधरा दिवसांत होतात. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मृग लागल्यावर हाती लागत नाहीत, तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना बोलवावे.

आपले,
बी विंगमधील रहिवासी