इसार देण्याआधी एक रात्र इथं झोप

प्रिय विन्या,

नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या अंगाला प्लॉट पाहतोयस, भाव बरा आहे, घेऊ का म्हणून विचारलंस. थांब बापा, आधी ऐक.

आमच्याकडे बोलता बोलता गप्प व्हायची सवयच लागली आहे. माय भाकर थापताना काही सांगत असते, विमान येतं, तिचा हात परातीतच थांबतो. ते गेलं की त्याच शब्दापासून पुढं. फळीवरचे गिलास किणकिणत राहतात. दिवसा निभतं रे, पण उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की पोटावरूनच गेल्यासारखं वाटतं.

आवाज तसा नवा नाही. १९४९ ला रात्रीची टपालाची विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारीकडून मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्या बदलून परत. आजा त्यावर वेळ ओळखायचा. पण तेव्हा मधे नुसती शेतं होती. आता आपणच घरं धावपट्टीकडे सरकवतोय.

नवी विमानं जुन्यांपेक्षा पुष्कळ शांत, हे कबूल. पण उतरताना इंजिन मंद असतं, तेव्हा खाली सोडलेली चाकं अन् पंखांच्या झडपाच वाऱ्यात ओरडतात. चाकं जरा उशिरा सोडली, टप्पे न घेता एकसलग उतरत आलं, तर खालच्यांना फरक पडतो. २०१८ मध्ये केंद्रानं मर्यादाही घातली: वर्षाला ५०,००० वर ये-जा असेल तिथं दिवसा ७० डेसिबल, रात्री ६५, बाकी ठिकाणी पाच कमी. ही सरासरी, बरं का. माझी झोप एकाच विमानानं मोडते.

मजा ऐक. ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २००३ ला नवी धावपट्टी आली अन् आसपासच्यांना घरघर छळू लागली. लक्षात आलं, शेतं नांगरली की ती कमी होते. मग त्यांनी मुद्दाम मातीचे उंच वरंबे घातले! जमिनीलगत येणारा आवाज त्यात अडतो. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग नांगरटीचे पैसे विमानवाल्यांकडून घे." डोक्यावरच्या विमानाला वरंबा काय करणार, ते सोड.

दलाल तुला गाडीच्या काचा लावून प्लॉट दाखवेल. तू शनिवारी मुक्कामाला ये. बाज अंगणात टाकतो. सकाळपर्यंत किती वेळा उठलास ते मोज, मग इसाराचं बोलू.

तुझा,
बाल्या