आईला, जर्सी सिटीहून

ती. आईस, साष्टांग नमस्कार.

मी एकदम मजेत आहे, जेवते वेळेवर, जाड जॅकेटही घेतलंय, आजीला सांग काळजी करू नको म्हणून.

परवा व्हिडिओ कॉलवर तू माझ्या रूममेटबद्दल विचारलंस ना, की महिना महिना वेण्या सोडत नाही म्हणजे डोकं धूत नाही का, ते मला लागलं आई. ती नायजेरियाची, केस जन्मतःच घट्ट कुरळे, मोकळे ठेवले की कोरडे पडतात, गुंततात, विंचरताना तुटतात. म्हणून त्या बारीक वेण्या, बॉक्स ब्रेड्स म्हणतात, सहा-आठ आठवडे ठेवायच्या म्हणजे रोज फणी लागत नाही आणि केस वाचतात. डोक्यावर चौकोनी भांग पाडायचे, एकेका चौकोनाची एक वेणी, त्यात नकली केस मिसळत न्यायचे आणि शेवटी टोकं कडकडीत गरम पाण्यात बुडवायची मग ती सुटत नाहीत. सकाळी बसली की उठायला संध्याकाळ! आणि धुते ग ती, पाण्यात पातळ केलेला शॅम्पू बाटलीने भांगाभांगात सोडते, बोटांच्या टोकांनी चोळते, मग मुळापर्यंत वाळवते कारण आत ओल राहिली की वास येतो. झोपताना सॅटिनची टोपी, कारण सुती उशीवर केस घासून तुटतात. फार ओढून घातल्या तर कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात, म्हणून घालणारीला आधीच बजावते, घट्ट नको. एवढी निगा आपल्याकडे कोण राखतं सांग. या वेण्यांवरून इथे लोकांना नोकरीत, शाळेत अडवायचे, न्यू जर्सीने 2019 ला त्याविरुद्ध क्राउन नावाचा कायदा केला. तेव्हा कॉलवर तसं बोलू नकोस प्लीज, तिला आपली भाषा कळत नसली तरी माझा चेहरा कळतो. मला ताप होता तेव्हा माझ्या डोक्याला तू दिलेलं खोबरेल तिनेच लावलं.

आणि हो, मी तशा वेण्या घालणार नाहीये, स्थळवाल्यांना खुशाल फोटो दाखव.

कर्जाचा हप्ता गेलाय. घरी या वेळी कमी पाठवलेत, भाडं वाढलं ग, पुढच्या महिन्यात भरून काढते, बाबांनी एफडी मोडू नये. ताईच्या लग्नाला सुट्टीचं अजून नक्की नाही, मी पुन्हा विचारणार आहे, पण तिला एवढ्यात काही सांगू नकोस, मीच बोलेन. हॉलचे उरलेले पैसे कधी द्यायचे ते मात्र लगेच कळव, ते मी देणार.

तुझी,
छोटी