तवसाळच्या जेटीवर थांबू नका

रत्नागिरी

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "शनिवारी सकाळच्या बोटीने मी जयगडला येतो, आपण बरोबरच परत येऊ." मी नुसतं "बघू" म्हटलं. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे. बाबा, घ्यायला येऊ नका. आपल्या बाजूला तवसाळच्या जेटीवरही थांबू नका. घरीच थांबा.

रागावण्याआधी सगळं वाचा.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला येताना फेरीबोटीत पहिल्यांदा झालं ते. लोखंडी रॅम्प वर गेला, साखळ्या खडखडल्या आणि मनात आलं, आता पलीकडे पोचेपर्यंत उतरता येणार नाही. एवढंच. छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. आपण मरतोय याची खात्रीच झाली. तुम्ही ईसीजी केलात, थायरॉइड तपासलंत, सगळं नॉर्मल आलं. तुमचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण मग हे होतं तरी काय? आधी बोटीने जाणं सुटलं, मग एसटी, मग बाजार. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही बाबा सोबत लागायला लागले. तेव्हाचे ते सहा महिने बाबा माझ्याकडे येऊन राहिले, हे मी जन्मभर विसरणार नाही.

इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे आपल्याकडे कुणाला "रत्नागिरीला दाखवलं" म्हटलं की लोक काय अर्थ काढतात ते मला माहीत आहे. आई, तू म्हणून रडलीस. पण हा आजार आहे, पॅनिक डिसऑर्डर म्हणतात त्याला. अटॅक पुन्हा येईल या धास्तीने, जिथून पटकन निघता येत नाही त्या जागा माणूस टाळत जातो, तो ॲगोराफोबिया. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी पक्की होते.

गोळीबद्दल तू दर फोनला विचारतेस. सर्ट्रालीन 25 मिलिग्रॅमने सुरू केली, मग 50. पहिले दहा दिवस मळमळ, उलट जास्त अस्वस्थ वाटलं. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. फरक पाचव्या आठवड्यात पडला. ज्या गोळ्यांची सवय लागते, ती क्लोनाझेपाम, सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतीच होती, हळूहळू कमी करून बंदही झाली. सर्ट्रालीनची तशी चटक लागत नाही, पण एकदम सोडायची नसते. बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवायची आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची. त्यामुळे कृपा करून "आता बास कर" म्हणू नकोस. दशभुज गणपतीला बोललेला नवस मात्र जरूर फेड, मी बरोबर येईन.

गोळीने भीतीची धार कमी केली. बाकीचं काम मला करावं लागलं, थेरपिस्ट ताईंबरोबर. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर फिरवलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. तेच गरगरणं, तीच धडधड, आणि मी मेले नाही! त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. मग भीतीच्या जागांना दहापैकी गुण देऊन खालून वर चढायचं ठरलं. दुकान तीन, एसटी सहा, रेल्वेचा करबुड्याचा बोगदा आठ. साडेसहा किलोमीटरचा अंधार, बाबा! पहिल्यांदा सीटची कड धरून बसले होते, उक्षीला उजेड दिसला तेव्हा तळहातावर वळ उठले होते. पण बसून राहिले. चौथ्या खेपेला भीती तीनवर आली. एकदा संगमेश्वरला घाबरून उतरले आणि रिक्षाने परत आले, तेही सांगते. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

नियम एकच: भीती उतरायच्या आधी पळायचं नाही आणि आधाराला काही धरायचं नाही. पर्समधली गोळी मी घरी ठेवायला लागले, मग पाण्याची बाटली, मग दाराजवळची सीट सोडली. शेवटचा आधार तुम्ही आहात, बाबा. तुम्ही शेजारी असलात की माझं मन म्हणतं, बाबा होते म्हणून वाचले. ते मला मनाला शिकवायचं नाहीये आता. तुम्ही चुकलात असं नाही. मी बुडत होते तेव्हा तुम्ही हात दिलात. आता पोहायचं आहे.

फेरीबोटीला मी दहा गुण दिले आहेत. शनिवारी एकटी येते. आई, वाटेत फोन करू नकोस, मीही करणार नाही. जेवायला कुळथाचं पिठलं आणि भात कर. उशीर झाला तर ताट झाकून ठेव. एखादी बोट मी सोडेन, जेटीवर बसून राहीन, धडधड उतरली की पुढच्या बोटीने येईन.

तुमची लेक