पाऊस सरण्याची वाट पाहू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा पुन्हा तेच म्हणाले, "पाऊस सरांदे, मगे बघूया." मागून आईने सांगितलं, हल्ली ते पेपरातले मथळेच वाचतात, खालचं तिच्याकडून वाचून घेतात. तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, मोतीबिंदू पावसासाठी थांबत नाही. पुढच्या आठवड्यात पणजीला याच.

बांबोळीचं गोवा मेडिकल आपल्याला परकं नाही. सिंधुदुर्गात कुणाचं जास्त झालं की गाडी पत्रादेवीवरून तिकडेच जाते. 1842 साली निघालेल्या वैद्यकीय शाळेपासून चालत आलेलं ते कॉलेज. 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडतं, तेच तुमच्या मनात आहे ना? ते पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. तो विषय आता नको.

सावंतवाडीहून सकाळची बस धरा. पणजीच्या कदंब स्टँडवर मी उभी असेन, बांबोळीची बस तिथेच मिळते. शुगरचे जुने रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी आणि आधारकार्ड एकाच पिशवीत घ्या.

आणि बाबा, स्टँडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, पाट्टोला, मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1832 साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आता त्याची मोठी नवी इमारत आहे. मराठी पुस्तकांच्या कपाटांपुढे उभी राहिले की मला दर वेळी तुम्ही आठवता. शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक घरी आणून, कंदिलाची काच पुसून मगच उघडायचात. इथे खिडकीजवळ बसून हवं तेवढं वाचा, कुणी उठवत नाही. डोळा बरा झाला की पहिला दिवस तिथेच घालवू.

आईला मांडवीवर नेईन. बेतीची फेरीबोट अजून चालते आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. 1986 च्या पावसात मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा याच पाण्यावरून माणसं बोटीने जा-ये करत होती, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. आता वर अटल सेतू आहे, तरी मला बोटच आवडते. आईचे गुडघे सांभाळून, गर्दी नसताना दुपारी जाऊ.

रजेचा अर्ज आजच दिला आहे. कुठल्या दिवशी निघता, तेवढं कळवा.

तुमची,
ताई