रॅलीच्या जिप्सीचे मागचे डिफरन्शियल : सदोष जोडणी आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : डिफरन्शियलच्या चुकीच्या सेटिंगबद्दल तक्रार व भरपाईची मागणी

महोदय,

क्राऊन-पिनियनची (पिनियन म्हणजे प्रॉपेलर शाफ्टने फिरणारा लहान गीअर, क्राऊन म्हणजे तो फिरवतो ते मोठे दातेरी चाक) नवी जोडी, नवी बेअरिंग्ज आणि सील घालून आपण सेट करून पाठवलेले आमच्या रॅलीच्या जिप्सीचे मागचे डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गीअरपेटी, अवघ्या ३१० किलोमीटरमध्ये कामातून गेले. आमचा वॉरंटीचा दावा आपण ‘स्पर्धेतील गैरवापर’ एवढेच लिहून फेटाळला. हे कारण आम्हाला मान्य नाही. बिघाडाचे मूळ आपल्या वर्कशॉपमधल्या जोडणीत आहे आणि ते मापून दाखवता येते.

आवाज पहिल्या दिवसापासून होता. ॲक्सिलरेटर दाबला की घुमायचा, सोडला की कमी व्हायचा, पण एकसारखा नव्हता. ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण अडीच वेळा त्याची लाट यायची. २०५/७० आर १५ टायरचा घेर सुमारे २.१ मीटर भरतो. म्हणजे लाट चाकाच्या एका फेऱ्याला एकदा येत होती. पिनियन चाकाच्या जवळजवळ चौपट वेगाने फिरते, त्यामुळे त्याचे दाते खराब असते तर तीच लाट तितक्या वेगाने आली असती. चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तू मोजक्याच, म्हणून आधी टायर अदलाबदल केले, चाकांची बेअरिंग्ज हलवून पाहिली, दोन्ही ॲक्सल शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर सेंटरमध्ये धरून डायल (बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज) लावला. सगळे सरळ निघाले. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्येही (सांध्यामध्येही) ढिलाई नव्हती. उरले क्राऊन व्हील.

ऑइल काढले तेव्हा ते चांदीचा रंग कालवल्यासारखे आले. ड्रेन प्लगच्या चुंबकाला नुसती भुकटी नव्हे, बारीक पापुद्रे चिकटले होते. भरताना जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० गीअर ऑइल, दीड लिटर, लेव्हल प्लगपर्यंत भरलेले होते आणि ब्रीदर (हवा बाहेर जाण्याचे तोंड) मोकळा होता. त्यामुळे ऑइलचे कारण पुढे करता येणार नाही.

बॅकलॅश, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक, चार ठिकाणी मोजला : ०.०८, ०.१७, ०.२७ आणि ०.१८ मिमी. तो ०.१० ते ०.१५ मध्ये बसायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. आपल्या माणसाने एकाच दातावर डायल लावून सेटिंग संपवले असणार. क्राऊन फिरवून दुसऱ्या ठिकाणी पाहिले असते तर गडबड तिथेच कळली असती. क्राऊनच्या पाठीवर डायल धरला तर हेलकावा, म्हणजे फिरताना पाठ मागेपुढे होण्याचे माप, २४० मायक्रॉन (०.२४ मिमी).

क्राऊन व्हीलचे बोल्ट सोडले आणि कारण हातात आले. डिफरन्शियल केसच्या ज्या फ्लँजवर (सपाट कडेवर) क्राऊन बसते तिथे तांदळाच्या कणीएवढी स्टीलची चीप चेपून बसली होती. क्राऊनच्या पाठीवर तिचा चकचकीत खळगा उमटला आहे, आणि ही जागा नेमकी ०.०८ वाल्या बाजूची आहे. चीपने त्या बाजूला क्राऊन पिनियनकडे ढकलले, समोरची बाजू लांब राहिली. चीप काढून, दोन्ही पृष्ठभाग पुसून, बोल्ट समोरासमोर आवळत तेच क्राऊन बसवले तर हेलकावा ४० मायक्रॉनवर आला. म्हणजे क्राऊनही सरळ आहे आणि केसही. असेंब्लीच्या वेळी फ्लँजवरून कापड आणि ऑइलस्टोन फिरवला असता तर हे घडलेच नसते. दोन मिनिटांचे काम आहे.

आता गैरवापराबद्दल. क्लच आदळून किंवा उडी मारून डिफरन्शियल गेले तर दात मुळातून तुटतो, ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन पिळतात, स्पायडर गीअरच्या (डिफरन्शियलच्या आतल्या लहान गीअरच्या) पिनला खरचटते. इथे यातले काहीही नाही. क्राऊनच्या फक्त एका तृतीयांश भागातले दाते आतल्या टोकाला खरवडून तपकिरी-निळे पडले आहेत, त्यांच्या समोरच्या दात्यांवर खूण बाहेरच्या टोकाला आहे आणि मधले जवळपास नवे दिसतात. गाडी जोरात चालवल्याने झीज झाली असती तर ती पूर्ण चकतीवर सारखी आली असती.

दुसरा दोष वेगळा आणि तितकाच गंभीर आहे. पिनियनच्या नटाच्या कॉलरवर, नट सुटू नये म्हणून मारलेल्या पंचचे दोन ठसे आहेत. एक शाफ्टच्या खाचेत बसलेला, दुसरा त्यापासून सुमारे ६ मिमी, नट सुटण्याच्या दिशेला सरकलेला. नट आधी जास्त आवळला गेला आणि मग मागे घेऊन पुन्हा पंच मारला, हे यावरून स्पष्ट आहे. क्रश स्पेसर (नट आवळताना चेपून पिनियनच्या बेअरिंगवर नेमका दाब ठेवणारी नळी) एकदा चेपला की परत फुलत नाही. नट मागे घेतला की बेअरिंगवरचा दाब संपतो. अशा वेळी नवा स्पेसर घालून पुन्हा सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो. पिनियन फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढले तर पिनियन विनाअडथळा फिरते, काटा जागचा हलत नाही, आणि हाताने पिनियन पुढेमागे खेळते. असे पिनियन ॲक्सिलरेटर दाबताना एका जागी आणि सोडताना दुसऱ्या जागी उभे राहते. मग दाते कुठे टेकतात ते पाहायला दात्यांवर निळ्या रंगाने कितीही छान ठसा घेतलेला असो, त्याला अर्थ उरत नाही.

आमची मागणी अशी. एकच जोड क्रमांक असलेली नवी क्राऊन-पिनियनची जोडी, नवी बेअरिंग्ज, नवा स्पेसर आणि नवा नट आपल्या खर्चाने मिळावा. भुकटी सगळीकडे फिरली असल्याने हाऊसिंग धुणे, सील आणि ऑइल यांचा खर्चही आपणच करावा. नवे काम देताना सेटिंगचा कागद सोबत हवा : किमान चार ठिकाणचा बॅकलॅश, क्राऊनचा हेलकावा, पिनियन फिरवण्याचा टॉर्क आणि दोन्ही बाजूंच्या ठशाचे फोटो. हे जमणार नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी.

चीप, नट, क्राऊन-पिनियन आणि काढलेले ऑइल जसेच्या तसे ठेवले आहे. आपला तंत्रज्ञ कोल्हापुरात येऊन त्याच्या स्वतःच्या डायलने सगळे पुन्हा मोजू शकतो. तोपर्यंत आम्ही कशालाही हात लावणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत : बिल, जॉबकार्ड, मापांचा तक्ता, फोटो.

आपले,
एका हौशी रॅली टीमचे सदस्य
कोल्हापूर