बेसकॅम्पच्या वाटेवरचे 'वाया जाणारे' दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत हिमालयातील ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात आणि दरवर्षी त्यांतला दिवसांचा आकडा थोडा थोडा खाली सरकलेला दिसतो. 'कमी रजेत बेसकॅम्प' हे आता ग्राहक ओढण्याचे वाक्य झाले आहे. मोजून मिळणाऱ्या रजांवर जगणाऱ्या नोकरदाराला त्याची भुरळ पडावी यात नवल नाही. मीही बँकेतली तीस वर्षे रजेचा हिशेब करतच काढली. मात्र कमी केले जाणारे दिवस नेमके कोणते, हे जाहिरातीत कोठेच छापलेले नसते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पूर्व नेपाळात कांचनजुंगाच्या उत्तर बेसकॅम्पला, म्हणजे पांगपेमाला, जाऊन आल्यावर मला त्याचे उत्तर मिळाले. कात्री लागते ती जंगलातून चालण्याच्या दिवसांना आणि उंचीवरच्या गावात नुसते थांबण्याच्या दिवसांना. माझ्या मते त्या वाटेवर जपण्यासारखे खरे दिवस तेच आहेत, आणि म्हणून हे पत्र.

कांचनजुंगा (८५८६ मीटर) हे उंचीने जगातील तिसरे शिखर नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर आहे. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक तेथे प्रथम पोहोचले, परंतु हा पर्वत सिक्कीमच्या लोकांना पवित्र असल्याने अगदी माथ्यावर पाय ठेवणार नाही हे दिलेले वचन पाळून ते काही पावले खालीच थांबले. मराठी वाचकांना हे नाव अधिक जवळचे झाले ते २०१९ मध्ये, पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे दहा गिर्यारोहक १५ मे रोजी या शिखरावर चढले तेव्हा. आमच्यासारख्या सामान्य भटक्यांचा प्रवास अर्थातच बेसकॅम्पपाशी संपतो. त्यासाठी दोर लागत नाही की बर्फातली कुऱ्हाड लागत नाही. भद्रपूरहून तापलेजुंग आणि तेथून जीपने सेकाथुम, मग चालणे. सेकाथुम साधारण आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच टोक जेथे संपते, तेथून ही वाट चढू लागते आणि ५१४३ मीटरवर पांगपेमाला थांबते.

सेकाथुम ते घुन्सा हे अंतर घुन्सा खोला या नदीच्या काठाने तीन दिवसांचे आहे. घाईच्या वेळापत्रकात या टप्प्याला 'अ‍ॅप्रोच' म्हणून एका ओळीत उरकलेले असते आणि तीनाचे दोन दिवस करता येतील का, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी निघतो. प्रत्यक्षात या तीन दिवसांत माणूस एका जंगलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असतो. खाली उत्तिस नावाच्या झाडांच्या सावलीत मोठ्या वेलदोड्याची शेते आहेत. तापलेजुंग जिल्ह्याचे ते मुख्य नगदी पीक. थोडे वर गेले की चिलौने आणि कटुस ही झाडे, मग बांबूची दाट बेटे, त्यानंतर शेवाळाने लगडलेले ओक आणि हेमलॉक. फांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढीसारखे दगडफूल लोंबत असते, आणि एप्रिलात गुरांसाची फुले गळून पायवाट लाल झालेली असते. उत्तराखंडात जाणारी आपली मंडळी ज्याला बुरांश म्हणतात तोच हा गुरांस, फक्त नेपाळात त्याच्या तिसाच्या आसपास जाती आहेत आणि उंचीनुसार त्यांचे रंग बदलत जातात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ मध्ये इथल्याच तमोर नदीच्या खोऱ्यात हिंडले होते. एकेका झाडापाशी थांबत जाणाऱ्या त्या माणसाला दिवसाला किती किलोमीटर पडत असतील, असा विचार मनात येऊन गेला.

आमचा मार्गदर्शक तापलेजुंगचाच, पूर्व नेपाळातल्या 'लिंबू' या समाजातला, तिशीचा तरुण होता. अम्जिलोसा गावाच्या वरच्या चढावर त्याने हात वर करून सर्वांना थांबवले आणि एका आडव्या पडलेल्या, शेवाळलेल्या खोडाकडे बोट दाखवले. त्यावर हिरवट लेंड्यांचा छोटासा ढीग होता. एक लेंडी त्याने काडीने फोडून दाखवली तेव्हा आत बांबूच्या पानांचे बारीक धागे दिसले. 'हाब्रे', तो हळूच म्हणाला. हाब्रे म्हणजे रेड पांडा. तो प्राणी काही आम्हाला दिसला नाही. त्या खोडाशेजारी पाच-सात मिनिटे आम्ही बारा माणसे तोंडातून शब्द न काढता उभी होतो, आणि खाली खोलवर नदीचा आवाज तेवढा येत होता. वेळापत्रक एक दिवसाने आवळलेले असते तर ते खोड आम्ही ओलांडून पुढे गेलो असतो.

आमच्यातला एक तरुण सॅकला लहान स्पीकर अडकवून गाणी लावत चालत असे. मार्गदर्शकाने त्याला दुसऱ्याच दिवशी तो बंद करायला सांगितले, कारण मात्र दिले नाही, आणि त्यावरून तरुण थोडा घुश्शात होता. कारण कळले ते घुन्सा सोडून खाम्बाचेनकडे जाताना. तेथे एक मोठी दरड कोसळलेली जागा आडवी पार करावी लागते. मार्गदर्शकाने सर्वांना अलीकडे थांबवले, स्वतः कान देऊन उभा राहिला आणि मग आम्हाला एकेक करून सोडले. पलीकडे पोहोचल्यावर तो त्या तरुणाला एवढेच म्हणाला की, दगड सुटला तर आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. शांतता हा या वाटेचा केवळ काव्यमय गुण आहे असे मी समजत होते. त्याच्या दृष्टीने ते कामाचे साधन होते.

आता थांबण्याच्या दिवसांविषयी. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य सल्ला आहे. या मार्गावरील मुक्काम पाहा. ग्याब्ला साधारण २७३० मीटर, घुन्सा ३४००, खाम्बाचेन ४०५०, ल्होनाक ४७८०. मध्ये मुक्कामाच्या जागा फारशा नसल्याने हे टप्पे लहान करणे अवघड आहे. प्रत्येक मुक्काम आधीच्या मुक्कामापेक्षा साडेसहाशे-सातशे मीटर वर आहे. म्हणूनच जुन्या वेळापत्रकांत घुन्सा आणि खाम्बाचेन या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री ठेवलेल्या असत. आमच्या आयोजकांनी (त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही) दोन्हीकडे एकेकच रात्र ठेवली होती. याचा अर्थ लागोपाठच्या तीन दिवसांत आम्ही झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून अधिक वाढवणार होतो. पैसे भरण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडायला मला दहा मिनिटेही लागली नसती. मी तो मांडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

खाम्बाचेनच्या पहिल्याच सकाळी त्याची किंमत समोर आली. आमच्यातील एक चाळिशीचे गृहस्थ, दर रविवारी सह्याद्रीत एखादा किल्ला करणारे आणि आमच्यात सर्वांत दमदार, रात्रभर डोके दुखून झोपले नव्हते आणि पहाटे त्यांना उलटी झाली होती. आयोजकांच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की, डायमॉक्सची (उंचीच्या त्रासावरची) गोळी घ्यावी, सॅक हमालाकडे द्यावी आणि ल्होनाकला हळूहळू निघावे. मार्गदर्शकाने त्यांना अंगणातल्या दगडी फरशीच्या कडेने टाचेला चवडा लावत दहा पावले चालायला सांगितले. चौथ्या पावलाला ते बाजूला झुकले. त्यांनी हसत पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा झुकले. मार्गदर्शकाने तेथेच सहायकाला आणि एका हमालाला तयार व्हायला सांगितले. प्रतिनिधीने बराच वाद घातला, भरलेल्या पैशांचा विषयही काढला. मार्गदर्शकाने आवाज चढवला नाही आणि निर्णयही बदलला नाही. अर्ध्या तासात ते तिघे घुन्साच्या वाटेला लागले होते. साडेसहाशे मीटर खाली गेल्यावर संध्याकाळपर्यंत त्या गृहस्थांची डोकेदुखी उतरली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटभर दालभात खाल्ला. तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर तातडीने खाली उतरणे हाच खरा उपाय, हे मी परत आल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीकडून समजून घेतले. सह्याद्रीतल्या सरावाने पाय आणि छाती तयार होते. उंचीची सवय त्याने होत नाही, कारण ती उंची सह्याद्रीत नाहीच.

उरलेल्या आम्हा सर्वांना त्या दिवशी मार्गदर्शकाने खाम्बाचेनलाच ठेवले. वेळापत्रकात नसलेला हा दिवस आमच्या संपूर्ण प्रवासातला सर्वांत चांगला दिवस ठरला. समोर ७७१० मीटर उंचीचा जनू होता, ज्याला नेपाळात कुंभकर्ण म्हणतात आणि लिंबू लोक फक्तांगलुंग म्हणून पवित्र मानतात. ढग सरले की त्याची उत्तरेकडची भिंत उघडी पडे आणि काही मिनिटांत पुन्हा झाकली जाई. मार्गदर्शकाने आम्हाला दुपारी दोनशे मीटर वर चढवून परत आणले आणि 'बिस्तारै, दिदी' (सावकाश, ताई) हे पालुपद चालूच ठेवले. तिसऱ्या दिवशी ल्होनाकहून पांगपेमाला पोहोचलो तेव्हा कोणालाही डोकेदुखी नव्हती, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम अधिक असतो. एका दिवसाच्या उशिरामुळे भद्रपूरचे विमान चुकले आणि नवे तिकीट ज्याने त्याने आपल्या खिशातून काढले. ते पैसे मला जड गेले नाहीत, परंतु आमच्यातील दोघांना गेले, आणि त्यांची तक्रार रास्त होती. तो दिवस मुळातच वेळापत्रकात असायला हवा होता.

कांचनजुंगाचा हा भाग प्रतिबंधित क्षेत्रात मोडतो. तेथील परवाना नोंदणीकृत नेपाळी संस्थेमार्फतच मिळतो आणि सोबत परवानाधारक मार्गदर्शक असावा लागतो. व्हिसा लागत नाही म्हणून हेही लागत नसेल, असा आपल्याकडील काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरना इतर मार्गांवरही मार्गदर्शक सक्तीचा केल्याचे जाहीर केले, तेव्हा 'हा भुर्दंड कशाला' असा सूर आपल्या भटक्यांमध्ये उमटला आणि त्यात मीही होते. आता माझे मत निराळे आहे. सक्ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल. मला खरा प्रश्न वाटतो तो असा की, मार्गदर्शक सोबत असूनही त्याचा शब्द चालतो का? आपल्याकडचा आयोजक नेपाळी संस्थेला काम देतो, ती संस्था मार्गदर्शकाला नेमते, आणि या साखळीत सर्वांत खाली असलेल्या माणसाने वरच्यांच्या वेळापत्रकाविरुद्ध निर्णय घ्यायचा असतो. आमच्या मार्गदर्शकात ते धैर्य होते. ते दरवेळी असेलच, यावर कोणाचा जीव टांगून ठेवता येणार नाही.

जंगलाविषयी एक गोष्ट ओघात सांगते. कांचनजुंगा संरक्षित क्षेत्र नेपाळने १९९७ मध्ये घोषित केले आणि २००६ मध्ये त्याचे व्यवस्थापन स्थानिक लोकांच्या परिषदेकडे सोपवले. तो हस्तांतराचा सोहळा आटोपून घुन्साहून परतणारे हेलिकॉप्टर २३ सप्टेंबर २००६ रोजी कोसळले आणि नेपाळचे काही नामवंत निसर्गरक्षक त्यात गेले. प्रवेशाची पावती फाडताना कुरकुर करणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असावा असे वाटते. घुन्सासारख्या गावात लाकडावर तापवलेले अंघोळीचे पाणी मागताना तर निश्चितच.

माझी आयोजकांना आणि त्यांच्या जाहिराती छापणाऱ्या आपल्या पत्राला विनंती आहे की, उंचावरील प्रत्येक ट्रेकच्या जाहिरातीत किंवा निदान माहितीपत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये छापावी. त्यासाठी एक ओळ पुरते. उंचीच्या आजारासंबंधीचा स्थानिक मार्गदर्शकाचा निर्णय अंतिम राहील आणि त्यामुळे वाढलेल्या दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहिलेले असावे. हमालांचा विमा उतरवला आहे का आणि प्रत्येकाच्या पाठीवर किती किलो वजन असेल, हे ग्राहकाने आधी विचारावे आणि पहिल्या दिवशी वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. आमच्याकडे ते झाले नाही. कपाळावर नाम्लोचा पट्टा घेऊन पाठीवर डोको (बांबूची टोपली) वाहणारा तो हमाल आमच्या आजारी सहकाऱ्याला घुन्साला पोहोचवून दुसऱ्या दिवशी दुपारी परत वर आला आणि त्याने पहिल्याइतकेच ओझे उचलले, तेव्हा कुठे आमच्यापैकी कोणीतरी ते किती आहे हे विचारले.

ज्यांना खाली उतरवले गेले, त्या गृहस्थांनी यंदा पुन्हा त्याच वाटेसाठी नाव नोंदवले आहे. त्याआधी त्यांनी चार आयोजकांना फोन केले आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला: खाम्बाचेनला किती रात्री?

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी आणि नियमित वाचक